अमेरिकेत फिजिकल थेरपीच्या डॉक्टरेटला अर्ज करताना: कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासूनची तयारी

दरवर्षी कॉलेजांना उन्हाळ्याची सुट्टी लागली की न्यू जर्सीतल्या ओळखीच्या मराठी घरांतून मला एकाच तऱ्हेचे फोन येतात. मुलीचे किंवा मुलाचे कॉलेजचे तिसरे वर्ष संपलेले असते, फिजिकल थेरपिस्ट व्हायचे नक्की झालेले असते, आणि आई किंवा बाबा विचारतात, "ताई, फॉर्म कधी सुटतात?" फॉर्म जूनच्या मध्याला सुटतात. हे उत्तर खरे असले तरी त्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण त्या फॉर्मात जे भरायचे असते त्यातले बहुतेक सगळे आधीच्या दोन वर्षांत करून झालेले असावे लागते. मी स्वतः इथल्याच एका सरकारी कॉलेजातून अर्ज केला होता आणि आता रुग्णालयात फिजिकल थेरपिस्ट म्हणून काम करताना दरवर्षी काही विद्यार्थी माझ्यामागे उभे राहून निरीक्षणाचे तास भरतात, त्यामुळे या प्रवासाची दोन्ही टोके मला माहीत आहेत. मुलांना मराठी वाचता येत नसेल तर पालकांनी शेजारी बसून वाचून दाखवावे. निदान तक्त्याचा भाग तरी.

आधी एक गैरसमज

भारतात फिजिओथेरपीला बारावीनंतर थेट प्रवेश मिळतो आणि महाराष्ट्रात अनेक वर्षे बीपीटी हा इंटर्नशिप धरून साडेचार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम राहिला आहे. अमेरिकेत तसे नाही. इथे आधी चार वर्षांची कोणतीही पदवी घ्यायची आणि मग साधारण तीन वर्षांचा 'डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी', म्हणजे डीपीटी, करायचा. २०१६ पासून मान्यताप्राप्त प्रवेशपातळीच्या सगळ्या अभ्यासक्रमांना डॉक्टरेटचीच पदवी द्यावी लागते. पदवीच्या आधी बारावीनंतरच जागा राखून ठेवणारे तीन अधिक तीन वर्षांचे जोडअभ्यासक्रमही काही विद्यापीठांत आहेत, पण तो निर्णय शाळेत असतानाच घ्यावा लागतो, म्हणून या लेखात तो बाजूला ठेवला आहे. तसेच भारतातून बीपीटी होऊन आलेल्यांनी हा अर्ज भरू नये. त्यांच्या पदवीचे मूल्यमापन एफसीसीपीटीसारख्या संस्थेकडून होते आणि मग ते परवाना परीक्षेला बसतात. त्यांचा रस्ता वेगळा आहे. दोन्ही रस्त्यांची सरमिसळ करून सल्ला देणारे काका प्रत्येक गणेशोत्सवात भेटतात, त्यांचे ऐकून घ्यावे आणि पुढे जावे.

पदवी कोणत्या विषयात असावी, असा प्रश्न येतो. कायनेसिऑलॉजी (शरीराच्या हालचालींचे शास्त्र) किंवा व्यायामशास्त्र घेणारे पुष्कळ असतात, पण अर्थशास्त्र किंवा संगीत घेऊनही प्रवेश मिळतो, फक्त पूर्वअटीचे विषय झालेले हवेत. खरी गोम त्या विषयांत आहे.

दुसरे वर्ष: तक्ता

शरीररचना आणि शरीरक्रिया हे विषय प्रयोगशाळेसह दोन सत्रे, रसायनशास्त्र दोन सत्रे, भौतिकशास्त्र दोन सत्रे, जीवशास्त्र एक किंवा दोन सत्रे, संख्याशास्त्र एक, मानसशास्त्र एक किंवा दोन. एवढी यादी जवळजवळ सगळीकडे सारखी असते, आणि याच सारखेपणामुळे विद्यार्थी गाफील राहतात. कारण बारीक अटी डीपीटी शिकवणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाच्या, म्हणजे इथल्या बोलीत प्रत्येक 'शाळे'च्या, वेगळ्या. कोणाला शरीररचना आणि शरीरक्रिया एकत्र शिकवलेली चालते, कोणाला दोन वेगळे विषय हवेत. एकत्र चालत असेल तर दोन्ही सत्रे एकाच कॉलेजात केलेली असावीत, असेही काही ठिकाणी लिहिलेले असते. कोणी बारावीपर्यंतच्या शाळेत असताना दिलेल्या एपी या कॉलेजपातळीच्या परीक्षेचे क्रेडिट मान्य करते, कोणी करत नाही. ऑनलाइन प्रयोगशाळा काहींना चालते, काहींना चालत नाही. काही शाळांना विज्ञानाचे विषय गेल्या पाच किंवा दहा वर्षांतले हवे असतात. 'सी'पेक्षा कमी श्रेणी बहुतेक कोणी घेत नाही. आणि अर्ज करताना किती विषय अपुरे राहिलेले चालतील, याचाही प्रत्येकाचा आकडा ठरलेला असतो.

म्हणून दुसऱ्या वर्षाच्या हिवाळी सुट्टीत एक तक्ता करावा. डाव्या बाजूला उभ्या रांगेत आठ ते दहा शाळांची नावे, वर आडव्या ओळीत विषय आणि अटी. प्रत्येक चौकटीत त्या शाळेच्या संकेतस्थळावर जे लिहिले आहे तेच उतरवावे, मनाने संक्षेप करू नये. शेवटच्या रकान्यात ते कोणत्या तारखेला पाहिले ती तारीख. हे काम एका बैठकीत होत नाही, दोन-तीन संध्याकाळी जातात. पण एकदा तक्ता भरला की कुठले विषय सगळ्यांना हवेत आणि कुठल्या एका विषयासाठी एखादी शाळा सोडून दिलेली बरी, हे समोर दिसते. चौकटीत शंका राहिली तर प्रवेश कार्यालयाला ईमेल करून विचारावे आणि आलेले उत्तर जपून ठेवावे. ते लोक उत्तर देतात. त्यांचा निम्मा दिवस त्यातच जातो.

भौतिकशास्त्र पुढे ढकलण्याची सवय मी इतक्या जणांत पाहिली आहे की त्यावर वेगळे वाक्य लिहिणे भाग आहे. चौथ्या वर्षावर ढकललेले भौतिकशास्त्र अर्जाच्या वेळी 'नियोजित' म्हणून दिसते, आणि त्याच वर्षी मुलाखती, प्रकल्प आणि शेवटच्या सत्राचा ताण असतो. ते तिसऱ्या वर्षीच संपवावे. तरफ, बलआघूर्ण, गुरुत्वमध्य या गोष्टी पुढे रोज लागतात; पलंगावरून रुग्णाला उठवताना आपली पाठ वाचते ती त्यांच्याच जोरावर.

श्रेणींबाबत थोडक्यात: बहुतेक शाळांची किमान अट चारपैकी ३.० असते, पण निवड झालेल्यांची सरासरी साडेतीनच्या आसपास असते. पहिल्या वर्षी रसायनशास्त्रात घसरगुंडी झाली असेल आणि नंतर श्रेणी सातत्याने चढत गेल्या असतील, तर निवड समितीला तो चढ दिसतो. विषय पुन्हा करायचा असेल तर एक गोष्ट आधी समजून घ्यावी. आपले कॉलेज जुनी श्रेणी पुसून नवी धरत असले तरी पीटीकॅस ही केंद्रीय अर्जव्यवस्था (तिच्याविषयी पुढे येईलच) दोन्ही श्रेणी मोजते. त्यामुळे गुणपत्रकावर ३.५ पाहून निर्धास्त झालेल्या विद्यार्थ्याला अर्जात ३.३ दिसते आणि घरात गोंधळ उडतो.

निरीक्षणाचे तास

परवानाधारक फिजिकल थेरपिस्टच्या देखरेखीखाली, त्यांचे काम पाहत घालवलेल्या तासांची नोंद अर्जात द्यावी लागते. काही शाळा एकही तास मागत नाहीत, काही चाळीस, काही शंभराच्या वर; कित्येक शाळांना ते तास किमान दोन वेगवेगळ्या प्रकारच्या ठिकाणांचे हवे असतात. रुग्णालयातला आंतररुग्ण विभाग, बाहेरचे अस्थिविकारांचे क्लिनिक, वृद्धांचे शुश्रूषा केंद्र, लहान मुलांचे केंद्र, मेंदू आणि मज्जासंस्थेचे पुनर्वसन, घरी जाऊन दिलेले उपचार, ही सगळी ठिकाणे वेगळी मोजली जातात. कायरोप्रॅक्टर, ऑक्युपेशनल थेरपिस्ट किंवा जिममधल्या प्रशिक्षकाकडे घालवलेला वेळ यात धरला जात नाही. सहायक म्हणून पगारी काम केले असेल तर ते मात्र बहुतेक ठिकाणी चालते, आणि माझ्या मते पगारी कामासारखी दुसरी शाळा नाही, कारण तिथे टेबल पुसण्यापासून बर्फाच्या पिशव्या भरण्यापर्यंत सगळे करताना कान उघडे राहतात.

जागा मिळवायला वेळ लागतो. रुग्णालयाच्या स्वयंसेवक विभागाकडे अर्ज करायचा, क्षयरोगाची चाचणी आणि फ्लूची लस यांची कागदपत्रे द्यायची, रुग्णाच्या गोपनीयतेचे छोटे प्रशिक्षण पूर्ण करायचे, मग ओळखपत्र मिळते. यात सहा-आठ आठवडे सहज जातात. म्हणून उन्हाळ्यात तास भरायचे असतील तर मार्चमध्ये विचारायला सुरुवात करावी. लहान क्लिनिकमध्ये ईमेलला उत्तर येईलच असे नाही. दुपारी गर्दी कमी असताना स्वतः जाऊन, नीटनेटके कपडे घालून, एका पानाचा परिचय पुढे ठेवून विचारलेले अधिक फळते.

तिथे नेमके काय पाहायचे, हे कोणी सांगत नाही, म्हणून एक सकाळ जशीच्या तशी सांगते. गुडघ्याचा सांधा बदललेल्या एक बाई, शस्त्रक्रियेला एक दिवस झालेला. थेरपिस्टने खोलीत शिरण्याआधी नोंदवहीतली रक्ताची तपासणी आणि वेदनाशामक गोळी कधी दिली ती वेळ पाहिली. आडवे असताना रक्तदाब घेतला, पलंगाच्या कडेला बसवून पुन्हा घेतला. न घसरणारे मोजे चढवले, कमरेला रुंद पट्टा बांधला, वॉकरची मूठ बाईंच्या मनगटाच्या उंचीला आणली. "आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला पाय, आणि खाली बघू नका, दाराकडे बघा." बाई बारा पावले चालल्या, चेहरा पांढरा पडला, आणि त्या काही बोलायच्या आत मागे खुर्ची आलेली होती, कारण सहायक पहिल्या पावलापासून खुर्ची घेऊन मागे चालत होता. माझ्यासोबत उभ्या असलेल्या विद्यार्थिनीने वहीत लिहिले, 'रुग्ण बारा पावले चालली.' तिला मी विचारले की खुर्ची मागे का होती, रक्तदाब दोनदा का घेतला. त्या दोन प्रश्नांची उत्तरे तिने घरी जाऊन लिहून काढली आणि पुढे मुलाखतीत तीच तिच्या कामी आली.

तर वहीत दोन भाग असावेत. एका भागात तारीख, ठिकाण, विभागाचा प्रकार, किती तास, थेरपिस्टचे पूर्ण नाव, परवाना क्रमांक आणि ईमेल. दुसऱ्या भागात त्या दिवशी दिसलेली एक गोष्ट आणि तिचे कारण. रुग्णाचे नाव, खोली क्रमांक किंवा ओळख पटेल असे काहीही कधीच लिहू नये. तासांवर सही त्याच आठवड्यात घ्यावी. माझ्या वेळी एका क्लिनिकमधल्या थेरपिस्टने मध्येच नोकरी बदलली, तिचा तिथला ईमेल बंद झाला, आणि चाळीस तासांच्या पडताळणीसाठी मला तिला दुसऱ्या राज्यात शोधावे लागले.

शाळांची निवड आणि पैसे

अमेरिकेत तीनशेहून अधिक मान्यताप्राप्त डीपीटी अभ्यासक्रम आहेत. मान्यता देणाऱ्या संस्थेचे नाव कॅप्टी. कॅप्टीची मान्यता नसलेल्या अमेरिकी अभ्यासक्रमातून बाहेर पडून राष्ट्रीय परवाना परीक्षेला बसता येत नाही, त्यामुळे ही पहिली चाळणी. नव्याने सुरू झालेल्या अभ्यासक्रमांचा दर्जा 'मान्यतेसाठी उमेदवार' असा असतो. तिथे प्रवेश मिळणे तुलनेने सोपे असू शकते, पण पुढे मान्यता मिळाली नाही तर काय, ही जोखीम विद्यार्थ्याच्या डोक्यावर राहते. ती समजून-उमजून घ्यावी.

आता जे सांगणार आहे ते पुष्कळ पालकांना पटत नाही. या क्षेत्रात शाळेच्या नावाला डॉक्टरी किंवा वकिलीतल्यासारखे महत्त्व नाही. एनपीटीई ही परवाना परीक्षा सगळ्यांना एकच. तिचे गुण २०० ते ८०० या मापावर दिले जातात आणि उत्तीर्ण होण्यास ६०० लागतात. दोन वर्षांच्या सरासरीने किमान ८५ टक्के पदवीधर या परीक्षेत अखेर उत्तीर्ण झाले पाहिजेत, अशी कॅप्टीची अट आहे. मी ज्यांच्या बरोबर काम करते त्यांच्यापैकी निम्म्यांची शाळा कोणती, हे मला आजही ठाऊक नाही आणि त्यांच्या पगारात त्यामुळे फरक पडलेला नाही. फरक पडला आहे तो त्यांच्या कर्जात.

आकडे मांडून पाहा. कामगार सांख्यिकी विभागाच्या २०२४ च्या नोंदीप्रमाणे फिजिकल थेरपिस्टचे मध्यक वार्षिक वेतन सुमारे १ लाख डॉलर आहे, आणि नुकत्याच उत्तीर्ण झालेल्याला याहून कमी मिळते. समजा ८० हजार डॉलर कर्ज घेतले आणि ८ टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडायचे ठरवले, तर दरमहा साधारण ९७० डॉलर जातात. तेच कर्ज दीड लाखाचे असेल तर दरमहा १,८२० डॉलर. कर कापून हाती येणाऱ्या पगारातून घरभाडे आणि गाडीचा हप्ता वजा केल्यावर या दोन आकड्यांतला फरक काय करतो, हे पालकांनी मुलांसमोर कागदावर लिहून दाखवावे. आपल्या राज्यातल्या सरकारी विद्यापीठाचे रहिवासी शुल्क, घरून ये-जा करण्याची सोय, अडीच वर्षांत संपणारा अभ्यासक्रम, या गोष्टी म्हणूनच क्रमवारीपेक्षा महत्त्वाच्या. प्रत्येक मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाने आपल्या खर्चाचा एका ठरावीक नमुन्यातला तक्ता संकेतस्थळावर देणे बंधनकारक आहे. तो शोधावा आणि आपल्या तक्त्यात एक रकाना वाढवावा.

कर्जाचे नियमही बदलले आहेत. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज बंद केले आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना वर्षाला २०,५०० व एकूण १ लाख डॉलर अशी मर्यादा घातली. 'व्यावसायिक' ठरवलेल्या पदव्यांना ही मर्यादा वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख आहे, पण शिक्षण खात्याच्या प्रस्तावित यादीत फिजिकल थेरपीचा समावेश नव्हता आणि त्यावरून व्यावसायिक संघटनांनी बराच विरोध नोंदवला. त्यामुळे शाळा पक्की करण्याआधी तिथल्या अर्थसाहाय्य कार्यालयाला एकच प्रश्न लेखी विचारावा: मी दाखल होईन त्या वर्षी या अभ्यासक्रमाला सरकारी कर्ज किती मिळेल आणि उरलेले पैसे तुमचे विद्यार्थी कुठून उभे करतात?

किती ठिकाणी अर्ज करावा? सहा ते दहा, असे माझे मत. त्यांत निदान तीन अशा असाव्यात जिथे आपल्या श्रेणी त्यांच्या सरासरीच्या वर आहेत. विद्यार्थी व्हिसावर असणाऱ्यांनी आधी ती शाळा परदेशी विद्यार्थी घेते का, हे पाहावे. सगळ्या घेत नाहीत.

शिफारसपत्रे

अर्जव्यवस्थेत जास्तीत जास्त चार शिफारसकर्त्यांची नावे देता येतात. बहुतेक शाळांना एक फिजिकल थेरपिस्ट आणि एक विज्ञान शिकवणारे प्राध्यापक हवे असतात. नातेवाईक किंवा कुटुंबाचे स्नेही असलेले डॉक्टर चालत नाहीत, मग ते कितीही मोठे असोत.

मागणी एप्रिलमध्ये करावी आणि शक्यतो समोर जाऊन करावी. "माझ्याविषयी चांगले पत्र लिहिण्याइतकी तुमची-माझी ओळख झाली आहे असे तुम्हाला वाटते का?" असे विचारले की समोरच्याला नम्रपणे नाही म्हणायला वाट राहते, आणि कोमट पत्रापेक्षा नकार केव्हाही बरा. होकार आला तर आपला एक पानी परिचय, त्या विषयातली श्रेणी, त्यांच्या वर्गात केलेल्या एखाद्या कामाची आठवण आणि शेवटची तारीख, एवढे एकाच ईमेलमध्ये पाठवावे. पत्र आपण वाचण्याचा हक्क सोडतो का, असे अर्जात विचारतात. सोडावा. मला लोक पत्रे मागतात तेव्हा माझी एकच अडचण असते: ज्याने चाळीस तासांत एकही प्रश्न विचारला नाही त्याच्याविषयी लिहायचे काय?

परीक्षा

जीआरई ही पदव्युत्तर प्रवेशाची सामान्य परीक्षा मागणाऱ्या शाळा गेल्या काही वर्षांत कमी झाल्या आहेत, तरी संपलेल्या नाहीत. तक्त्यातल्या दहापैकी दोनच शाळा मागत असतील तर त्या दोघी खरोखर हव्यात का, हे आधी ठरवावे. सप्टेंबर २०२३ पासून ही परीक्षा दोन तासांच्या आत आटोपते. काही शाळा कॅस्पर नावाची प्रसंगाधारित चाचणी मागतात. तिच्यासाठी पाठांतर उपयोगी पडत नाही, वेळेत विचार मांडण्याचा सराव पडतो.

जून: प्रत्यक्ष अर्ज

बहुतेक शाळांचे अर्ज अमेरिकन फिजिकल थेरपी असोसिएशनच्या पीटीकॅस या एकाच केंद्रीय व्यवस्थेतून जातात. ज्या थोड्या शाळा त्यात नाहीत, त्यांचा अर्ज त्यांच्या संकेतस्थळावर. पहिल्या शाळेला दीडशे डॉलरहून थोडे अधिक आणि पुढच्या प्रत्येक शाळेला साठ-पासष्ट डॉलर असे साधारण शुल्क पडते, काही शाळा वर आपले वेगळे शुल्क घेतात. उत्पन्न कमी असलेल्यांसाठी शुल्कसवलत आहे, पण ती मर्यादित असल्याने खाते उघडल्याबरोबर मागावी.

अर्जाचा सर्वांत कंटाळवाणा भाग म्हणजे कॉलेजात केलेला एकूण एक विषय, सत्रवार, गुणपत्रकावर जसा छापला आहे तसाच भरणे. यासाठी अधिकृत नसलेले गुणपत्रक छापून शेजारी ठेवावे आणि पट्टी ठेवून एकेक ओळ भरावी. सोडलेला विषय, पुन्हा केलेला विषय, खेळाच्या तासाचे एक क्रेडिट, सगळे त्यात येते. प्रत्येक कॉलेजकडून अधिकृत गुणपत्रक थेट पीटीकॅसकडे जावे लागते, आणि 'प्रत्येक' या शब्दावर मी जोर देते आहे. बारावीत असताना कॉलेजचा एखादा विषय केला असेल, उन्हाळ्यात घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात संख्याशास्त्र उरकले असेल, तरी त्या त्या कॉलेजचे वेगळे गुणपत्रक हवे, मुख्य कॉलेजच्या कागदावर ते क्रेडिट उमटलेले असले तरीही. मी नेमके हेच विसरले होते. एका उन्हाळ्यातला एकच विषय, त्यामुळे आठवणीतूनच गेला. अर्ज अपूर्ण म्हणून अडकला आणि ते मला कळेपर्यंत सप्टेंबर निम्मा सरला होता.

हा उशीर महाग का पडतो, तर बऱ्याच शाळा सगळे अर्ज जमा होण्याची वाट पाहत नाहीत. जसजसे अर्ज पूर्ण होऊन येतात तसतशा मुलाखती आणि जागा देत जातात. अर्ज पाठवल्यावर पीटीकॅसची पडताळणी व्हायला काही आठवडे लागू शकतात. शिवाय शाळेने दिलेली शेवटची तारीख ही अर्ज पाठवण्याची की सगळी कागदपत्रे पोहोचण्याची, हेही पाहावे लागते. जुलैअखेर अर्ज पाठवता आला तर उत्तम, ऑगस्ट चालेल. पाठवल्यावर निबंध बदलता येत नाही; नवे तास आणि नव्या शाळा मात्र जोडता येतात, आणि शरद सत्राच्या श्रेणी नंतर ठरलेल्या मुदतीत भरता येतात.

एखादीच शाळा मनापासून हवी असेल आणि तिच्याकडे सोय असेल, तर लवकर निर्णयाचा मार्ग असतो: फक्त तिथेच अर्ज करायचा, जागा मिळाली तर घ्यायचीच. खर्चाचा तक्ता झाल्याशिवाय या वाटेने जाऊ नये.

निबंध

मुख्य निबंधाला मोकळ्या जागा धरून ४,५०० अक्षरचिन्हांची मर्यादा आहे, म्हणजे इंग्रजीत जेमतेम दीड पान. विषय दर वर्षी पीटीकॅसच देते, तो आधी नीट वाचावा.

मी वाचून दिलेल्या मसुद्यांपैकी बहुतेकांची सुरुवात 'मला लहानपणापासून लोकांना मदत करायची होती' किंवा 'फुटबॉल खेळताना माझा गुडघा दुखावला' अशी होते. दोन्ही खऱ्या गोष्टी असतात, म्हणूनच त्या सगळ्यांच्या निबंधात असतात. एका मुलाने सांगलीच्या आजीविषयी लिहिले होते: आजी न्हाणीघरात पडली, खुब्याचे हाड मोडले, फिजिओथेरपिस्टमुळे पुन्हा चालू लागली, आणि त्याला प्रेरणा मिळाली. मी त्याला विचारले, आजी घरात पहिल्यांदा कुठपर्यंत चालली? तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, देवघरापर्यंत. थेरपिस्टने आजीला विचारले होते की तुम्हाला कुठे जायचे आहे, आणि मग पलंगापासून देवघरापर्यंतची पावले मोजून रोज दोन-दोन वाढवली होती. त्याचा निबंध तिथून सुरू झाला. रुग्णाला जायचे आहे तिथपर्यंतचे अंतर मोजणे हेच या कामाचे मूळ आहे, हे त्याला वेगळे सांगावे लागले नाही.

निबंधात श्रेणींची यादी परत देऊ नये. पडलेल्या श्रेणीचे स्पष्टीकरण द्यायचेच असेल तर दोन वाक्यांत द्यावे. दुसऱ्याकडून किंवा यंत्राकडून निबंध लिहून घेऊ नये. अर्जावर सही करताना तो आपला असल्याचे आपण प्रमाणित करतो.

मुलाखत

सप्टेंबरपासून पुढे निमंत्रणे येऊ लागतात, काही प्रत्यक्ष, बरीचशी व्हिडिओवर. कधी दोन प्राध्यापक समोर असतात, कधी पाच-सहा छोट्या खोल्यांतून फिरत प्रत्येक ठिकाणी एका प्रसंगाला सात-आठ मिनिटांत उत्तर द्यायचे असते. 'ऑक्युपेशनल थेरपी का नाही, फिजिशियन असिस्टंट का नाही' हा प्रश्न येतोच. त्याला उत्तर द्यायला निरीक्षणाच्या वहीचा दुसरा भाग पुन्हा वाचावा. आपल्या मुलांना मी एक गोष्ट मुद्दाम सांगते: घरात मोठ्यांसमोर कमी बोलण्याची शिकवण इथे आड येते. आपण काय केले ते 'मी' म्हणून सांगणे हा उद्धटपणा नव्हे.

उत्तर आल्यावर

प्रवेशपत्र आले की ठरावीक दिवसांत काहीशे डॉलर अनामत भरून जागा राखावी लागते आणि ती अनामत बहुधा परत मिळत नाही, म्हणून मुदत संपायच्या आत दुसऱ्या शाळेला आपला निर्णय कधी कळेल हे विचारून घ्यावे. प्रवेश सशर्त असतो: राहिलेले विषय ठरलेल्या श्रेणीने पूर्ण करणे, पदवीचे अंतिम गुणपत्रक पाठवणे, लसीकरणाचे कागद आणि पार्श्वभूमी तपासणी. भारतात घेतलेल्या लसींची नोंद सापडत नसेल तर रक्ताची प्रतिपिंड चाचणी करून घेता येते. ती उन्हाळ्याच्या आधीच उरकावी. प्रतीक्षा यादीत नाव असेल तर वसंत सत्राच्या श्रेणी आणि नवे तास कळवणारे एक छोटे पत्र पाठवावे. वर्ग सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यातही जागा सुटतात.

कुठेच जागा मिळाली नाही तर दुसऱ्या दिवशी त्या प्रत्येक शाळेला, माझ्या अर्जात काय कमी पडले, असे विचारणारा ईमेल पाठवावा. सगळ्याच उत्तर देतील असे नाही, पण दोन उत्तरे आली तरी पुढच्या वर्षीचे काम ठरते: एखादा विषय पुन्हा, सहायकाची पगारी नोकरी, की शाळांची यादीच बदलणे. पुढच्या जूनमध्ये नव्या अर्जात विषयांची माहिती जुन्या अर्जातून आणता येते. शिफारसपत्रे मात्र नव्याने मागावी लागतात, तेव्हा त्या प्राध्यापकांना एप्रिलमध्येच पुन्हा भेटावे.